पॅरिसमध्ये पादत्राणे घेताना : कामापुरती फ्रेंच

पुण्याचा आणि फ्रेंचांचा संबंध आजकालचा नाही. १७७७ साली सें ल्युबँ नावाचा फ्रेंच दूत पुण्यात दाखल झाला, नाना फडणविसांनी त्याची बडदास्त ठेवली आणि ईस्ट इंडिया कंपनीचा पुण्यातील वकील मॉस्टिन त्यामुळे अस्वस्थ झाला, हा प्रसंग इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. ज्या शनिवार पेठेत पेशव्यांचा वाडा उभा राहिला, तेथील माणसे आता उलट दिशेने प्रवास करू लागली आहेत. कोणाचा मुलगा तुलूजला विमानांच्या उद्योगात असतो, कोणाची नात पॅरिसला शिकते, तर कोणी निवृत्तीनंतर पंधरा दिवसांच्या युरोप सहलीत नाव नोंदवतो. या सर्वांच्या सामानात भाकरवडी, मेतकूट आणि औषधांची पुरचुंडी आठवणीने असते. पादत्राणांचा विचार मात्र सहसा मागे पडतो. दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवरून दिवसभर चालल्यावर तिसऱ्या दिवशी बूट बोलू लागतात आणि परक्या मुलखात चपला-बुटांच्या दुकानाची पायरी चढणे भाग पडते.

पॅरिसमधील मोठ्या, पर्यटकांनी गजबजलेल्या दुकानांत इंग्रजीवर निभावते. लहान दुकानांत आणि पॅरिसबाहेरच्या शहरांत तशी खात्री देता येत नाही. शंभर-सव्वाशे युरो मोजून घेतलेला बूट दुसऱ्या दिवशी चावू लागला, तर तो दुखणेही देतो आणि खर्चही वाया जातो. घरातील मधुमेही ज्येष्ठांच्या बाबतीत तर पायाला झालेली साधी जखमही दुर्लक्ष करण्याजोगी नसते. बूट नेमका कोठे घट्ट होतो, एवढे तरी विक्रेत्याला त्याच्या भाषेत सांगता आले पाहिजे. त्यासाठी फ्रेंचचे व्याकरण पाठ असण्याची गरज नाही. वीस-पंचवीस वाक्ये आणि तीन-चार सापळे ठाऊक असले की पुरते.

उच्चारांविषयी थोडेसे. फ्रेंच उच्चार देवनागरीत तंतोतंत उतरत नाहीत; येथे दिलेले उच्चार जवळपासचे आहेत. 'झ' हा 'टेलिव्हिजन' या शब्दातील ज प्रमाणे उच्चारावा. चंद्रबिंदू असेल तेथे स्वर नाकातून काढावा. 'र' घशातून, गुळणी करताना होतो तसा येतो. तो साधला नाही तरी काम अडत नाही. 'यू'चा एक खास उच्चार मात्र अडवतो. त्याविषयी पुढे येईलच.

आधी नमस्कार, मग नंबर

पेठेतील दुकानात शिरताच "आठ नंबरमध्ये काळा दाखवा" असे म्हटले तर कोणी रागावत नाही. फ्रान्समध्ये हीच गोष्ट उद्धटपणाची ठरते. दुकानात पाऊल टाकताच, काही घ्यायचे असो वा नसो, प्रथम "बोंझूर मादाम" किंवा पुरुष असल्यास "बोंझूर मस्य" म्हणावे, संध्याकाळी "बोंस्वार". दुकान ही तेथे जणू दुकानदाराची ओसरी आहे आणि ओसरीवर आलेल्याने आधी ओळख द्यावी, अशी अपेक्षा असते. फ्रेंच विक्रेते तुसडे असतात ही तक्रार आपल्याकडे वारंवार ऐकू येते. त्यातील बऱ्याच प्रसंगांत ग्राहकाने 'बोंझूर' गाळलेले असते. (पुणेरी दुकानदाराविषयी इतर गावांत जे बोलले जाते ते आठवले, तर पुणेकरांना पॅरिसकरांची बाजू समजून घेणे जड जाऊ नये.)

मग विक्रेता विचारतो, "झ प वूझ एदे?" म्हणजे, "आपल्याला काही मदत करू?" नुसतेच पाहायचे असेल तर "झ रगार्द, मेर्सी", 'पाहतो आहे, आभारी आहे', एवढे पुरे. काचेच्या दर्शनी कपाटातील जोड हवा असेल तर "झ वूद्रे एसेये ला पेर आँ वित्रीन", म्हणजे 'दर्शनी मांडलेला जोड घालून पाहायचा आहे.' मागणी 'झ वूद्रे'ने सुरू करावी आणि शेवटी 'सिल वू प्ले' जोडावे. 'वू' म्हणजे 'तुम्ही' किंवा 'आपण'. 'त्यू' म्हणजे 'तू'. ते कितीही तरुण विक्रेत्याला उद्देशून वापरू नये. मराठी माणसाला हा भेद शिकवावा लागत नाही, ही एक सोय.

'बास्केट' मागितली तर बूट मिळतात

पादत्राणांना एकत्रितपणे 'शोस्यूर' म्हणतात. घोट्यापर्यंतचे बूट 'बोतीन', गुडघ्याकडे जाणारे 'बोत'. आपला 'बूट' इंग्रजीतून आला आणि इंग्रजीत तो जुन्या फ्रेंचमधूनच गेला, म्हणजे शब्द माहेरीच भेटतो. टाचांचे बायकी बूट 'एस्कार्पँ', सपाट पंप 'बालरीन', सँडल 'सांदाल', रबरी स्लिपर 'तोंग', घरात घालायच्या मऊ सपाता 'शोसों'. खेळाचे बूट मात्र 'बास्केत'. सहलीत चालण्यासाठी बहुतेकांना तेच लागतात, आणि 'स्पोर्ट्स शूज' म्हणून कळले नाही तरी 'दे बास्केत पूर मार्शे', 'चालण्यासाठी खेळाचे बूट', म्हटले की लगेच कळते. टाचेला 'तालों' म्हणतात. चौदाव्या लुईच्या दरबारात लाल टाचा हे सरदारवर्गाचे मिरवण्याचे चिन्ह होते. पुणेरी लाल जोड्यांचा अभिमान बाळगणाऱ्या शहराला त्यात नवल वाटणार नाही.

नंबराचा घोळ

पहिला सापळा नंबराचा. कपड्यांच्या मापाला फ्रेंचमध्ये 'ताय' म्हणतात, परंतु पादत्राणांच्या मापासाठी 'प्वँत्यूर' असा स्वतंत्र शब्द आहे. शाळेत चार वर्षे फ्रेंच शिकलेल्या मुलांनाही क्रियापदे धडाधड चालवता येतात आणि दुकानात नेमका हाच शब्द आठवत नाही. विक्रेता विचारतो, "वू शोसे द्यू कोंब्यँ?" म्हणजे, "आपण कितव्या नंबराचा बूट घालता?" उत्तर : "झ शोस द्यू कारांत-द", 'बेचाळीस'.

बेचाळीस कोठून आले? भारतात चालणारे नंबर इंग्रजी पद्धतीचे आहेत. त्यात एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे साडेआठ मिलिमीटर. एक तृतीयांश इंच ही जवाच्या एका दाण्याची लांबी धरलेली आहे. आठ जवांचा एक अंगुल मोजणाऱ्या आपल्या जुन्या ग्रंथांना ही पद्धत परकी वाटली नसती. फ्रेंच पद्धतीत एकक आहे 'पॅरिस पॉइंट', म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर. त्यामुळे फ्रेंच नंबरांमधील अंतर कमी असते आणि आपल्या एका नंबराच्या जागी कधी एक, तर कधी दीड नंबर सरकावा लागतो. पुरुषांचा सहा म्हणजे साधारण एकोणचाळीस ते चाळीस, सात म्हणजे चाळीस ते एक्केचाळीस, आठ म्हणजे बेचाळीस, नऊ म्हणजे त्रेचाळीस, दहा म्हणजे चव्वेचाळीस ते पंचेचाळीस. बायकांचा चार म्हणजे सदतीस, पाच म्हणजे अडतीस, सहा म्हणजे एकोणचाळीस. कंपनीगणिक यात अर्ध्या नंबराचा फरक पडतोच. निघण्यापूर्वी घरी कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने आखून घ्यावे, टाच ते सर्वांत लांब बोट हे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजावे, त्यात दीड मिळवून येणाऱ्या संख्येची दीडपट करावी. साडेसव्वीस सेंटिमीटरच्या पावलाला बेचाळीस येतात. पाऊल संध्याकाळी मोजावे, कारण दिवसभरात ते थोडे सुजते. आणि दोन्ही पावले मोजावीत, कारण ती सारखी असतीलच असे नाही.

उच्चारासाठी : अडतीस 'त्रांत-वीत', एकोणचाळीस 'त्रांत-नफ', चाळीस 'कारांत', एक्केचाळीस 'कारांत-ए-अँ', बेचाळीस 'कारांत-द', त्रेचाळीस 'कारांत-त्र्वा'. आवडलेला जोड दाखवून विचारावे, "वू लेझ आवे आँ कारांत-द?" 'हे तुमच्याकडे बेचाळीसमध्ये आहेत का?' रंग हवा असेल तर 'आँ न्वार' काळ्यात, 'आँ मारों' तपकिरीत. उत्तरादाखल "या प्ल्यू" असे काहीसे ऐकू आले तर आनंदून जाऊ नये. 'प्ल्यू' म्हणजे 'अधिक' एवढेच बहुतेकांनी शिकलेले असते. येथे त्याचा अर्थ 'आता उरलेले नाहीत' असा आहे.

मोठा हवा की लहान?

घालून पाहण्यासाठी "एस क झ प लेझ एसेये?" म्हणावे. बूट पायात गेल्यावर खरी परीक्षा सुरू होते, आणि याच ठिकाणी सर्वांत घातक सापळा आहे.

पाठ्यपुस्तकात 'एक नंबर वरचा' यासाठी 'ला प्वँत्यूर ओ-दस्यू' आणि 'एक नंबर खालचा' यासाठी 'ला प्वँत्यूर ओ-दसू' असे दिलेले असते. दोहोंमधला सगळा फरक शेवटच्या स्वरात आहे. पहिल्यातील स्वर ओठ 'ऊ'सारखे गोल करून 'ई' म्हणावा तसा निघतो, दुसरा आपला साधा 'ऊ'. मराठी जिभेला पहिला स्वर सवयीचा नाही. तो हमखास 'ऊ'कडे घसरतो. परिणामी बोटे चुरगळत असलेल्या माणसासाठी विक्रेता अदबीने आणखी लहान जोड घेऊन येतो. हा धोका टाळण्याचा मार्ग सोपा आहे : 'प्ल्यू ग्राँ' म्हणजे अधिक मोठा आणि 'प्ल्यू प्ती' म्हणजे अधिक लहान. यात उच्चार बिघडला तरी अर्थ उलटत नाही. अर्धा नंबर पुरेसा असेल तर 'द्मी-प्वँत्यूर' हा शब्द लक्षात ठेवावा.

दुसरा गोंधळ 'लार्ज'चा. फ्रेंचमध्ये 'लार्झ' म्हणजे मोठा नव्हे, रुंद. इंग्रजीच्या सवयीने 'लार्ज' मागणाऱ्याला लांबी तेवढीच राहून रुंद बूट दाखवला जातो. पण मराठी ग्राहकाला बहुधा तोच हवा असतो! भारतीय पावले युरोपीय पावलांपेक्षा रुंद असतात, असे चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेच्या देशव्यापी पाहणीतून पुढे आले आहे. २०२४ मध्ये भारतीय मापांच्या नव्या पद्धतीची चर्चा झाली ती याच आधारावर. जन्मभर चप्पल वापरलेल्या पावलाला युरोपीय निमुळता बूट पुढच्या भागात आवळतो. तेव्हा लोक एक नंबर मोठा घेतात, मग टाच सुटते आणि चालताना घासते. त्याऐवजी सरळ सांगावे : "झे ल प्ये लार्झ", 'माझे पाऊल रुंद आहे.' ('प्ये' आणि आपला 'पाद' हे दोन्ही शब्द एकाच मुळातून आलेले आहेत.)

दुखणे सांगण्यासाठी तीन वाक्ये पाठ असावीत. "सा सेर इसी", येथे आवळते. बोट ठेवून दाखवावे. "सा म फे माल", मला दुखते. "ल तालों ग्लीस", टाच निसटते. मधुमेह असेल तर "झ स्वी दियाबेतीक" हे आधीच सांगून टाकावे. जाणता विक्रेता मग आतील शिवण हाताने तपासून मऊ अस्तराचा जोड काढतो. काही औषधांच्या दुकानांतही आरामदायी पादत्राणे मिळतात; हिरव्या क्रुसाच्या पाटीवरून ही दुकाने ओळखता येतात.

चामडे कोणाचे?

अनेक घरांत हा प्रश्न किमतीआधी येतो. "से द्यू क्युईर?" म्हणजे, "हे चामडे आहे का?" फ्रान्समध्ये 'क्युईर' हा शब्द कायद्याने खऱ्या चामड्यासाठीच राखून ठेवलेला आहे, त्यामुळे पाटीवरील शब्दावर भरवसा ठेवता येतो. 'क्रूत द क्युईर' असे लिहिलेले असेल तर तेही चामडेच, पण वरचा थर काढून घेतल्यावर उरलेले, म्हणजे हलक्या प्रतीचे. वरच्या उत्तम थराला 'प्लेन फ्लर' म्हणतात. कोणत्या जनावराचे, हे "से केल क्युईर?" असे विचारून कळते. उत्तरात 'वाश' म्हणजे गाय, 'वो' म्हणजे वासरू, 'शेव्र' म्हणजे शेळी, 'मूतों' म्हणजे मेंढी, 'पोर' म्हणजे डुक्कर. वरचा भाग एका जनावराचा आणि अस्तर दुसऱ्याचे असू शकते. तेव्हा अस्तराविषयी, 'ला दुब्ल्यूर'विषयी, वेगळे विचारावे. चामडे नकोच असेल तर "साँ क्युईर, सिल वू प्ले."

भाषा अजिबात न येणाऱ्यांसाठी एक सोय आहे. युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या पादत्राणांवर, बहुधा एका बुटाच्या आत किंवा तळाशी, चित्रांचे लहानसे लेबल लावावे लागते. वरचा भाग, अस्तर व आतला तळ, आणि बाहेरचा तळ अशा तीन ओळी असतात. पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडे, विणलेली जाळी म्हणजे कापड, आणि शंकरपाळ्याच्या आकाराचा चौकोन म्हणजे अन्य साहित्य, उदाहरणार्थ रबर किंवा प्लॅस्टिक. मात्र जनावर कोणते हे या लेबलावरून कळत नाही.

चार विसा आणि पंधरा

"से कोंब्यँ?" 'केवढ्याला?' उत्तर समजणे हे विचारण्यापेक्षा कठीण, कारण सत्तरनंतर फ्रेंच आकडे वळण घेतात. सत्तर म्हणजे 'स्वासांत-दीस', साठ आणि दहा. ऐंशी म्हणजे 'कात्र-वँ', चार वीस. पंच्याण्णव म्हणजे 'कात्र-वँ-कँझ', चार वीस आणि पंधरा. 'चार विसा आणि वर पंधरा' असे मोजणारे आजोबा-पणजोबा ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे एका दमात कळते. इंग्रजी माध्यमातील नातवंडे अडखळतात. खात्री नसेल तर "वू पूवे लेक्रीर?" म्हणावे. विक्रेता आकडा लिहून दाखवतो.

छापील किमतीत कर धरलेला असतो. तुळशीबागेतील घासाघीस येथे चालत नाही. जुन्या बाजारांत, 'मार्शे ओ प्यूस'मध्ये, तिला वाव असतो. दुकानात "से त्रो शेर" असे तोंडावर म्हणण्यापेक्षा "वूझ आवे केल्क शोझ द म्वँ शेर?" म्हणजे 'थोडे स्वस्तातले काही आहे का?' हे शोभते. स्वस्त हवे असेल तर दिवस साधावा. फ्रान्समध्ये सेल, म्हणजे 'सोल्द', दुकानदाराच्या मर्जीने लागत नाही. त्याचा काळ सरकार ठरवते. हिवाळी सोल्द सामान्यतः जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी आणि उन्हाळी जूनच्या शेवटच्या बुधवारी सुरू होतो, आणि चार आठवडे चालतो. पुढे सवलत वाढते, तेव्हा 'दझ्येम देमार्क' अशी पाटी लागते. सवलत मोठी, पण प्रचलित नंबर तोवर संपलेले.

घ्यायचे ठरले की "झ ले प्राँ". पैसे 'पार कार्त' किंवा 'आँ एस्पेस', म्हणजे रोख. पावती मागायला विसरू नये. ऑगस्ट २०२३ पासून फ्रान्समध्ये छापील पावती आपणहून दिली जात नाही; "ल तिके, सिल वू प्ले" म्हटल्यावरच मिळते. ती लागते, कारण केवळ मन बदलले म्हणून बदलून मागण्याचा हक्क दुकानातील खरेदीला कायद्याने नाही. ते दुकानाच्या धोरणावर असते. म्हणून पैसे देण्याआधीच "एस क झ प लेझ एशांझे?" असे विचारून घ्यावे. दोष निघाला तर गोष्ट निराळी. त्यासाठी दोन वर्षांची कायदेशीर हमी आहे.

एकाच दुकानात शंभर युरोंहून अधिक खरेदी झाली, तर युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याला कराचा काही भाग परत मिळू शकतो. "ला देताक्स, सिल वू प्ले" म्हणावे आणि पासपोर्ट दाखवावा. तेथे नोकरी करणाऱ्या मुलाला ही सवलत नाही, भेटीला गेलेल्या आई-वडिलांना आहे; तेव्हा खरेदी कोणाच्या नावावर करायची हे आधी ठरवावे. मिळालेला कागद परतताना, युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या शेवटच्या विमानतळावर, यंत्रावर किंवा सीमाशुल्क कक्षात प्रमाणित करावा लागतो. वस्तू दाखवण्यास सांगितले जाऊ शकते; म्हणून बुटांची पेटी त्याआधीच सामानात रवाना करू नये.

दुकानाच्या वेळांविषयी पुणेकरांना विशेष सांगणे नको. पॅरिसमधील मोठी दुकाने दिवसभर उघडी असतात, परंतु लहान गावांतील दुकाने दुपारी जेवणासाठी बंद होतात, रविवारी बहुधा उघडत नाहीत आणि कित्येक ठिकाणी सोमवारी सकाळीही नाहीत. दारावर 'फेर्मे' म्हणजे बंद, 'उवेर' म्हणजे उघडे.

काहीच पसंत पडले नाही आणि सहा पेट्या उघडून झाल्या असतील, तर मुकाट्याने उठून निघणे वाईट दिसते. "झ वे रेफ्लेशीर, मेर्सी", 'विचार करतो, आभारी आहे', हे सर्वमान्य निमित्त आहे. विक्रेत्यालाही त्याचा खरा अर्थ कळतो. वर "ओ रव्वार, बॉन झूर्ने" म्हणावे. पायात कोल्हापुरी असेल आणि तिच्याविषयी चौकशी झाली, तर "से फे मँ", 'हाताने बनवलेली आहे', एवढे सांगता यावे. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे.

पूर्वतयारी करू इच्छिणाऱ्यांना पुण्यात फार हिंडावे लागत नाही. शनिवार पेठेला लागून असलेल्या अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानांतून फ्रेंचचे शब्दकोश मिळतात, आणि पुढे रीतसर शिकायचे तर आलियाँस फ्राँसेज आणि विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील विदेशी भाषा विभाग आहेच. निघायला आठवडाच उरला असेल तर 'दस्यू' आणि 'दसू' आरशासमोर म्हणून पाहावे.

आणि इतके करूनही बूट चावलाच, तर औषधांच्या दुकानात "झे यून आँपूल" म्हणावे. 'आँपूल' म्हणजे विजेचा दिवाही आणि पायाला आलेला फोडही. टाचेकडे बोट दाखवले की फार्मसीतील बाई बरोबर पट्टी, 'पांसमाँ', काढून देतात.